न दुखणारा चट्टा आणि कराचीच्या डॉक्टरबाई

गटातल्या ताया, ग्रामसंघाच्या पदाधिकारी आणि हातातलं काम करता करता इकडे कान लावून बसलेल्या माझ्या सगळ्या बहिणींनो, आज मी तुम्हाला एका डॉक्टरबाईंची माहिती सांगणार आहे. त्यांचं नाव डॉ. रूथ फाऊ. जन्म जर्मनीतला, काम पाकिस्तानातलं आणि त्या कामाचं शिक्षण घेतलं ते आपल्या भारतात, तमिळनाडूतल्या वेल्लोरला. सत्तावन्न वर्षं त्यांनी पाकिस्तानात कुष्ठरुग्णांसाठी घालवली.

तुम्ही म्हणाल, इतक्या लांबच्या बाईंची गोष्ट आम्हाला कशाला? त्याचं कारण असं, की ज्या आजाराशी त्या लढल्या तो आपल्या गावांतून अजून गेलेला नाही. आणि त्यांनी तो ज्या रीतीने आटोक्यात आणला, ती रीत साधी होती. घरोघर जायचं, माणसं नीट बघायची, वेळेत औषध सुरू करायचं आणि ते पुरं होईपर्यंत पाठ सोडायची नाही. यातलं निम्मं काम आपल्यासारख्या बायकांना करता येण्यासारखं आहे. म्हणून आधी त्यांची गोष्ट ऐकू, मग आपल्याकडे वळू.

युद्धात होरपळलेली मुलगी

रूथ यांचा जन्म ९ सप्टेंबर १९२९ चा, जर्मनीतल्या लाइपझिग शहरातला. त्या दहा वर्षांच्या व्हायला आल्या होत्या तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू झालं. बॉम्बहल्ल्यात त्यांचं घर पडलं. युद्ध संपलं, पण हाल संपले नाहीत. त्यांचा भाग रशियाच्या ताब्यात गेला. खाण्यापिण्याची, औषधपाण्याची टंचाई होती. त्यातच त्यांचा लहानगा भाऊ दगावला. पुढे हे कुटुंब पश्चिम जर्मनीत गेलं आणि तिथे माइन्झ आणि मारबुर्ग या गावांत रूथ यांनी डॉक्टरकीचं शिक्षण घेतलं.

शिकत असताना त्यांची ओळख हॉलंडच्या एका वृद्ध बाईंशी झाली. या बाई हिटलरच्या छळछावणीतून जिवंत सुटून आल्या होत्या. एवढं सोसूनही त्या लोकांना प्रेम आणि क्षमा याच गोष्टी सांगत फिरत होत्या. तरुण रूथ यांच्या मनावर त्याचा खोल परिणाम झाला. १९५३ मध्ये त्या कॅथलिक झाल्या आणि १९५७ मध्ये ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या संन्यासिनींच्या संघात गेल्या. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत स्थापन झालेला हा संघ. त्या काळी तिथे धर्मसंस्थांवर बंदी येत होती, म्हणून या संघातल्या बहिणी जोगिणीचा वेगळा वेश न घालता चारचौघींसारखे कपडे घालून लोकांत राहू लागल्या. ती चाल पुढेही राहिली. म्हणून आपण रूथ यांचे फोटो पाहिले तर त्या सलवार-कमीज आणि डोक्यावर ओढणी अशाच दिसतात. एखाद्या घरची आजीच वाटावी.

व्हिसा अडला आणि काम सापडलं

संघाने त्यांना खरं तर भारतात पाठवलं होतं. वाटेत कराचीला थांबायचं आणि पुढे दक्षिण भारतात जायचं, असं ठरलं होतं. ८ मार्च १९६० ला त्या कराचीत उतरल्या, पण व्हिसाचे कागद अडकले आणि मुक्काम लांबला. त्यांच्याच संघातल्या बहिणी तिथे मेरी अ‍ॅडलेड नावाचा एक लहानसा दवाखाना चालवत होत्या. मॅक्लिओड रोड या मोठ्या रस्त्यामागे कुष्ठरुग्णांची झोपडपट्टी होती, तिच्यासाठी हा दवाखाना. रूथ तो बघायला गेल्या.

तिथे त्यांनी एक तरुण पाहिला. त्यांच्याच वयाचा, तिशीच्या आतला. हातापायांवर रांगत, चिखलातून सरपटत तो दवाखान्यात आला. त्याहून त्यांना जास्त लागलं ते हे, की त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. माणसाने असं रांगतच यायचं असतं, हे त्याने जणू मान्य करून टाकलं होतं. त्या दिवशी रूथ यांनी ठरवलं, की आता पुढे कुठे जायचं नाही. इथेच राहायचं.

बोटं झडतात ती कशामुळे?

गोष्ट पुढे नेण्याआधी हा आजार समजून घेऊ, कारण त्याच्याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. कुणी म्हणतं देवीचा कोप, कुणी म्हणतं गेल्या जन्मीचं पाप, कुणी म्हणतं रक्त नासलं. यातलं काहीही खरं नाही. कुष्ठरोग हा जंतूंनी होणारा आजार आहे, जसा क्षयरोग असतो तसाच. नॉर्वे देशातल्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी १८७३ मध्येच हा जंतू शोधून काढला.

हा जंतू फार संथ वाढतो. शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच वर्षं लागतात, काही जणांत तर वीस वर्षंही लागतात. तो पसरतो तो मुख्यतः औषध न घेतलेल्या रुग्णाच्या शिंकण्या-खोकण्यातून, तेही खूप दिवसांच्या निकटच्या सहवासाने. हात हातात घेतल्याने, एका पंगतीत जेवल्याने, एसटीत शेजारी बसल्याने तो होत नाही. शिवाय बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूला तोंड देण्याची ताकद जन्मतःच असते. आणि औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत त्या रुग्णापासून इतरांना लागण होत नाही.

मग बोटं झडतात ती कशामुळे? हा जंतू कातडीवर आणि नसांवर हल्ला करतो. नस बिघडली की त्या भागाची जाणीव जाते. विचार करा, तव्यावरची भाकरी उलटताना बोटाला चटका बसला तर आपण लगेच हात मागे घेतो. हा चटका कळणं हेच आपलं संरक्षण असतं. ज्या बाईचा हात बधिर झाला आहे, तिला चटका कळत नाही. फोड येतो, तो फुटतो, ती त्याच हाताने शेण लावते, भांडी घासते. पायात काटा मोडला तरी चालत राहते. झोपेत उंदराने बोट कुरतडलं तरी जाग येत नाही. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि असं होत होत बोट आखडत, झिजत जातं. म्हणजे बोटं आजाराने गळून पडत नाहीत. न कळलेल्या आणि न जपलेल्या जखमांनी ती जातात. ही गोष्ट जगाला पटवून दिली ती वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी. वाकडी झालेली बोटं शस्त्रक्रियेने पुन्हा कामाची करण्याची रीतही त्यांनीच तिथे बसवली.

याच वेल्लोरला १९६१ मध्ये डॉ. रूथ आल्या. कुष्ठरोगाचे उपचार कसे करायचे, हे त्यांनी इथे शिकून घेतलं आणि त्या कराचीला परत गेल्या. ज्या देशात त्या यायच्या होत्या तिथे राहणं झालं नाही, पण विद्या मात्र त्यांनी इथूनच नेली.

दवाखाना बांधला, आता रुग्ण शोधायचे

१९६३ मध्ये कराचीत दवाखान्यासाठी पक्की जागा घेतली गेली. झोपडपट्टीतला दवाखाना आता रुग्णालय झाला. पाकिस्तानच्या कानाकोपऱ्यातून आणि अफगाणिस्तानातूनही रुग्ण तिथे येऊ लागले.

पण डॉ. रूथ यांच्या लक्षात एक गोष्ट आली. येणारे रुग्ण उशिरा येत होते. हात वाकडे झाल्यावर, पायाला भोक पडल्यावर, घरच्यांनी हाकलल्यावर येत होते. जंतू मारायला औषध होतं, पण गेलेली बोटं औषधाने परत येत नाहीत. म्हणजे कराचीत बसून वाट बघण्यात अर्थ नव्हता. रुग्ण पहिल्या चट्ट्यालाच सापडायला हवा आणि तो त्याच्या गावातच सापडायला हवा.

एवढे डॉक्टर आणायचे कुठून? त्यावर त्यांनी उपाय काढला तो असा. कराचीतल्या डॉ. झरीना फझलभॉय या सहकारी डॉक्टरबाईंबरोबर त्यांनी १९६५ मध्ये कुष्ठरोग कार्यकर्त्यांसाठी शिक्षणवर्ग सुरू केला. त्या त्या भागातली तरुण मंडळी निवडायची. चट्टा कसा ओळखायचा, नस कशी तपासायची, औषध कसं द्यायचं, जखम कशी बांधायची, हे शिकवायचं आणि त्यांना आपल्याच मुलखात परत पाठवायचं. ही माणसं लोकांची भाषा बोलत, त्यांच्या घरची चहा-भाकरी खात आणि वाटा ओळखत. आपल्याकडच्या आशाताई डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ही कल्पना काय होती ते कळेल.

डॉ. रूथ स्वतःही स्वस्थ बसल्या नाहीत. उत्तरेकडच्या बर्फाच्या डोंगरांत, बलुचिस्तानच्या उजाड माळांवर, सिंधच्या वाळवंटात त्या जीपने, कधी घोड्यावर, कधी पायी फिरल्या. आईबापांनी भीतीपोटी गुहेत आणि गोठ्यात कोंडून ठेवलेली मुलं त्यांनी बाहेर काढली. मैत्रिणींनो, हे आईबाप दुष्ट नव्हते. बाकीच्या लेकरांना लागण होईल, गाव वाळीत टाकेल, या भीतीने त्यांचं काळीज दगडाचं झालं होतं. भीती घालवायला नुसतं भाषण पुरत नाही. डॉक्टरबाई स्वतः त्या मुलाजवळ बसते, त्याचा हात हातात घेते, हे लोकांनी पाहिलं तेव्हा ती भीती हळूहळू कमी झाली.

बायकांचा प्रश्न आणखी अवघड होता. पडद्याची चाल असल्यामुळे परक्या पुरुषाला अंगावरचा चट्टा दाखवणं शक्य नव्हतं. अशा घरात बाई डॉक्टर आत जाऊ शकत होती. आपल्याकडे पडदा नसेल, पण पाठीवरचा, मांडीवरचा चट्टा गावच्या डॉक्टरला दाखवायला आपली बाई आजही संकोचते. हे आपण प्रामाणिकपणे मान्य करायला हवं.

पुढे हे काम एका दवाखान्याचं राहिलं नाही. सरकारला बरोबर घेऊन देशभर दीडशेहून जास्त केंद्रं उभी राहिली. १९७९ मध्ये पाकिस्तान सरकारने त्यांना कुष्ठरोगविषयक सल्लागार नेमलं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका औषधाऐवजी दोन-तीन औषधं एकत्र देण्याची शिफारस केली. या बहुविध औषधोपचाराने वर्षानुवर्षं चालणारे उपचार काही महिन्यांवर आले. औषध देणारी, पाठपुरावा करणारी माणसं गावोगाव आधीच तयार होती, म्हणून हे नवं औषध लवकर पोचलं. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं, की पाकिस्तानात कुष्ठरोग आटोक्यात आला आहे. आशियातल्या अगदी पहिल्या काही देशांमध्ये त्याचा नंबर लागला.

आपल्या मातीतलं काम

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्राला हे काम नवीन नाही. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं. वरोऱ्याजवळ बाबा आमटे आणि साधनाताईंनी आनंदवन फुलवलं. सेवाग्रामला गांधीजी परचुरेशास्त्री या कुष्ठरोग झालेल्या पंडितांच्या जखमा स्वतःच्या हाताने धूत असत. १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झालं. तिथे डॉ. वारदेकरांनी एक पद्धत बसवली: सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार. म्हणजे घरोघर तपासणी करायची, लोकांना समजावायचं आणि घराजवळ औषध द्यायचं. पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. कराचीत डॉ. रूथ ज्या वाटेने गेल्या, तीच वाट वर्ध्यातही पडली होती. दोन्हीकडच्या अनुभवाने एकच सांगितलं, की या आजारात रुग्णाने येण्याची वाट बघायची नसते.

२००५ च्या अखेरीस भारतानेही आजार आटोक्यात आल्याचं जाहीर केलं. दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, असं ते माप होतं. पण आटोक्यात येणं म्हणजे संपणं नव्हे. जगात दर वर्षी जेवढे नवे रुग्ण सापडतात, त्यातले निम्म्याहून जास्त आजही भारतात असतात. महाराष्ट्रातही नवे रुग्ण सापडतात आणि त्यात लहान मुलंही असतात. मुलाला झाला याचा अर्थ, त्याच्या आसपास कुणीतरी मोठं माणूस औषधावाचून आहे.

आणि इथेच धोका आहे. आजार कमी झाला, की बघणारे डोळेही कमी होतात. ‘आता कुठे राहिलाय तो’ असं म्हणून आपण सोडून देतो. त्यातून पहिला चट्टा दुखत नाही, खाजत नाही, कामात अडथळा आणत नाही. मी गटांच्या बैठकांना फिरते तेव्हा बघते, की आपल्या बायका दुखणं असलं तरी अंगावर काढतात. मग न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी कोण रोज बुडवून दवाखान्यात जाणार? म्हणून खालच्या गोष्टी लक्षात ठेवा. वाटलं तर गटाच्या वहीत लिहून घ्या.

काय बघायचं?

कातडीवर फिकट किंवा लालसर, तांबूस चट्टा आहे का? तो खाजत नाही ना? त्यावर घाम येत नाही, लव गेली आहे, असं काही आहे का? सगळ्यात महत्त्वाचं, त्या जागेवर स्पर्श कळतो का? कापसाची वात किंवा रिफिलचं टोक हलकेच टेकवून बघता येतं. डोळे मिटायला सांगायचं, आधी चांगल्या कातडीवर टेकवायचं, मग चट्ट्यावर, आणि ‘कुठे लागलं ते बोटाने दाखव’ म्हणायचं. सुई टोचायची नाही, चटका देऊन तर मुळीच बघायचं नाही.

याशिवाय हातापायांना बधिरपणा किंवा सतत मुंग्या, चालताना पायातून चप्पल निसटली तरी न कळणं, हाताची पकड कमी होणं, पाऊल लुळं पडणं, कानाची पाळी जाड होणं, अंगावर गाठी, भुवयांचे केस विरळ होणं, तळपायाला न दुखणारी जखम. ही सगळी दाखवून घेण्याची लक्षणं आहेत.

कोड वेगळं आणि कुष्ठरोग वेगळा, हेही ध्यानात ठेवा. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, त्यावर स्पर्श नीट कळतो आणि तो कुणापासून कुणाला होत नाही. कोड असलेल्या मुलीला कुष्ठरोगी म्हणून हिणवणं हा अडाणीपणा आहे.

एक मात्र लक्षात असू द्या. आपण फक्त शंका घ्यायची, निदान डॉक्टर करतील. शंका आली तर आशाताईला सांगा, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट आहेत. जडीबुटीवाल्याकडे पैसे घालवत बसू नका, तेवढ्या महिन्यांत नस जाते.

औषध सुरू झाल्यावर

गोळ्यांचं पाकीट महिन्याचं मिळतं. आजाराच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने घ्यायचं. लघवी लालसर होते, त्याला घाबरू नका, ते औषधाच्या रंगाने होतं. एका औषधाने कातडी काळपट पडते. पुष्कळ बायका याच कारणाने गोळ्या सोडतात. ‘तोंड काळं पडलं, लोक विचारतात’ म्हणतात. पण औषध संपल्यावर काही महिन्यांत रंग पूर्ववत होतो आणि मध्येच सोडलेल्या गोळीने गेलेली बोटं मात्र परत येत नाहीत. गरोदरपणात आणि बाळाला पाजत असतानाही हे उपचार चालू ठेवता येतात, फक्त डॉक्टरांना तसं सांगायचं.

उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही कधी चट्टे एकदम लाल होऊन सुजतात, नस ठणकते, ताप येतो, हातापायातली ताकद झपाट्याने जाते. याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. औषध बाधलं असं समजून गोळ्या बंद करायच्या नाहीत. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वेळेत वेगळं औषध मिळालं तर नस वाचते.

ज्यांचा हात किंवा पाय बधिर आहे, त्यांनी रोज रात्री पाय उजेडात बघावेत. थोडा वेळ साध्या पाण्यात भिजवून, जाड कातडी हलकेच घासून तेल लावावं. चुलीवरचं भांडं फडक्यानेच उतरवावं. अनवाणी चालू नये. बधिर पायांसाठी मऊ तळाच्या खास चपला मिळतात, त्यांची आरोग्य केंद्रात चौकशी करावी. आणि घरातल्या बाकीच्या माणसांचीही तपासणी करून घ्यावी. त्यांनाही आजार होऊ नये म्हणून औषधाचा एक डोस दिला जातो.

लाज कुणी बाळगायची?

डॉ. रूथ यांचं निम्मं काम औषधाचं होतं आणि निम्मं माणसाला माणसांत परत आणण्याचं. आपल्याकडेही पाहा. बाईला हा आजार झाला, की आधी तिचं ताट वेगळं होतं, मग अंथरूण, मग एक दिवस ती माहेरी. हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. या भीतीनेच ती चट्टा पदराखाली झाकते आणि झाकल्यामुळेच आजार वाढतो.

कायद्यानेही आपल्या देशात या माणसांवर बराच काळ अन्याय केला. कुष्ठरुग्णांना वेगळं काढणारा इंग्रजांच्या वेळचा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. जोडीदाराला कुष्ठरोग आहे, एवढ्या कारणावर घटस्फोट मागता येत होता. २०१९ मध्ये कायदा बदलून ते कारण काढून टाकलं. म्हणजे आज कुणी बाईला सांगत असेल, की ‘तुला हा रोग आहे, तुला सोडचिठ्ठी देतो’, तर तिने सही-अंगठा करू नये. त्या कारणाला कायद्यात आता जागा नाही. हे तिला सांगायला गटाने तिच्या बाजूला उभं राहावं.

आणि बोलण्यातही बदल करू. ‘महारोगी’ हा शब्द सोडून देऊ. उपचार चालू आहेत ती कुष्ठरुग्ण. गोळ्या पूर्ण झाल्या की ती बरी झालेली बाई, तिला तिच्या नावाने हाक मारू. वाकडं बोट राहिलं म्हणून आजार राहिला, असं होत नाही.

त्यांनी मागे काय ठेवलं?

१९८८ मध्ये पाकिस्तानने डॉ. रूथ यांना नागरिकत्व दिलं. तिथले मोठमोठे सन्मान त्यांना मिळाले. बाबा आमट्यांना १९८५ मध्ये मिळाला होता तो रॅमन मॅगसेसे पुरस्कार २००२ मध्ये डॉ. रूथ यांना मिळाला. कुष्ठरोग कमी झाल्यावर त्यांच्या कार्यकर्त्यांनी क्षयरोग आणि अंधत्व यांचंही काम हाती घेतलं. २००५ चा भूकंप आणि २०१० चा महापूर यांतही त्यांची माणसं मदतीला धावली. १० ऑगस्ट २०१७ ला कराचीत त्यांचं निधन झालं. मुसलमानबहुल देशाने या ख्रिस्ती संन्यासिनीला सरकारी इतमामात निरोप दिला. राष्ट्रध्वजात गुंडाळलेली शवपेटी लष्कराच्या जवानांनी वाहून नेली. कराचीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाला त्यांचं नाव दिलं गेलं.

पण मला विचाराल तर त्यांची खरी कमाई ही, की त्यांच्या जाण्याने काम थांबलं नाही. त्यांनी इतक्या हातांना शिकवून ठेवलं होतं, की चट्टा ओळखायला डॉ. रूथच हव्यात, असं उरलंच नव्हतं.

आपला गटही असाच चालतो. एकीलाच हिशेब येत असेल तर ती सासरी किंवा गावाला गेली की वही बंद पडते. दोघीचौघींना येत असेल तर गट टिकतो. आरोग्याचंही तसंच करू. येत्या बैठकीत हप्ते जमा झाले, इतिवृत्त लिहून झालं की दहा मिनिटं काढा. आशाताईला बोलवा आणि चट्टा कसा बघायचा हे दोघीतिघींना शिकवायला सांगा. मग पाठ, मांड्या, दंड, जिथे आपली आपल्याला नजर पोचत नाही, ते एकमेकींचं आडोशाला बघून घ्या. घरी गेल्यावर पोरांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं बघा. कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत आरोग्य कर्मचारी दारात आले तर ‘आमच्याकडे कुणाला काही नाही’ म्हणून परत पाठवू नका. ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, कुष्ठरोग निवारण दिन असतो आणि त्या पंधरवड्यात ‘स्पर्श’ अभियान चालतं. त्या ग्रामसभेत आपल्यापैकी एकीने उठून या विषयावर चार वाक्यं बोलावीत.

आणि कुणाच्या अंगावर चट्टा सापडलाच, तर तिच्याबरोबर दवाखान्यात जायला एक जण ठरवा. पहिल्या दिवशी तिला एकटीला पाठवू नका. बस्स, एवढंच आजचं सांगणं.